मोकळ्या रानाचा रकाना

अण्णा, परवा तुमचा फोन मी उचलला.

तेराव्याची शेवटची पंगत बसली होती. काकी, म्हणजे तुमच्या मंडळी, आत बायकांत होत्या. टीव्हीशेजारी चार्जरला लावलेला तुमचा तो बटणांचा फोन वाजायला लागला. त्या आवाजानं आमच्या अख्ख्या शेती ऑफिसची डोकी उठवली होती, पण त्या दिवशी घरातलं एक माणूस त्याला हात लावेना. शेवटी तुमची सून मला म्हणाली, "म्याडम, तुमीच घ्या. कारखान्यातलंच कोनतरी असंल."

घेतला. पलीकडं वारा, मेंढरांची बें-बें आणि एक माणूस घसा ताणून बोलत होता. "अण्णा, औंदा दिवाळी करून निगतो. रान कुठनं कुठनं मोकळं लागंल, तेवढं सांगा."

मला प्रश्नच कळला नाही. आणि त्याआधी मला त्याला दुसरंच काहीतरी सांगायचं होतं. ते सांगितलं. मग नुसत्या घंटा ऐकू येत राहिल्या, कुठल्यातरी मेंढराच्या गळ्यातल्या. माणूस रडत होता की फोन खाली ठेवून बसला होता, कोण जाणे. मग म्हणाला, "आता आमास्नी कोन सांगनार वो?"

काकींना मी कबूल केलंय की जे काय आहे ते लिहून आणीन आणि वाचून दाखवीन. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही यात येणार. मधेच "आवं, हे म्हाईत हाय मला" असं म्हणू नका. एवढा एक डाव माझं पुरतं ऐकून घ्या.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या कंपनीनं मला तुमच्या साखर कारखान्यावर पाठवलं. काम असं की उसाची नोंद, तोडणी, वजनकाटा, स्टोअर, सगळ्याची माहिती एका सिस्टीममध्ये आणायची. तोवर प्रत्येक खात्याची आपापली रजिस्टरं होती आणि काट्यावर काय चाललंय ते शेती खात्याला दुसऱ्या दिवशी कळायचं. मी मलकापुरात खोली घेतली, लॅपटॉप उघडला आणि मनात म्हटलं, सहा महिन्यांत या लोकांना सरळ करते. तुम्ही शेती खात्यातले ओव्हरसियर. पाच गावांचा गट, तीस वर्षांची नोकरी, आणि सायलेन्सर फाटलेली मोटारसायकल.

पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "म्याडम, गाव कुठलं?"

"सातारा."

"साताऱ्यात कुठं?"

"साताऱ्यातच."

"बरं," म्हणालात आणि चहा पुढं सरकवलात.

धादांत खोटं बोलले होते मी. माझं गाव माणमध्ये, पार कोरड्या अंगाला. माझ्या बापाची मेंढरं होती. सहाव्या वर्षी मला आश्रमशाळेत टाकलं, तिथं पोरी माझ्या घोंगडीचा वास येतो म्हणून नाक दाबायच्या. तेव्हापासून मी ते सगळं अंगावरून खरवडून काढलं, बोलीसकट. पुण्याच्या ऑफिसात माझं मराठी ऐकून लोक सदाशिव पेठ का म्हणून विचारायचे, आणि मला मेलीला त्याचा आनंद व्हायचा.

पहिल्या शिवारफेरीला तुम्ही मला जीपमधून नेलंत. एका वळणावर मेंढरांचा कळप रस्ता अडवून उभा. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न. हॉर्ननं मेंढरं हलतात होय? ती आणखी एकमेकांत शिरली. मी वैतागून खाली उतरले, जीभ टाळ्याला लावून मेंढक्यांचा तो आवाज काढला, आणि पुढची मेंढी वळली, मागनं सगळी वळली. दोन मिनिटांत रस्ता मोकळा. परत जीपमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता. मला वाटलं, म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं, सुटले.

आता मुख्य गोष्ट. काकी, हे तुमच्यासाठी. उसाला तोडीचा नंबर लागतो तो तारखेवर. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी, सरळ हिशोब. खोडव्याचं तर त्याहून सोपं. ऊस तुटला की बुडख्यातनं पुन्हा फुटून जो येतो तो खोडवा, आणि मागचा ऊस ज्या दिवशी तुटला तीच त्याची तारीख. तो दिवस वजनकाट्यावर पक्का नोंदलेला असतो. म्हणजे ओव्हरसियरनं वहीतून भरलेली तारीख आणि काट्यावरची तारीख जुळलीच पाहिजे. पूर्वी ती ताडून बघायला कुणाला सवड नव्हती. सिस्टीमला ते काम चुटकीसरशी जमतं.

दोन हंगाम पार पडले आणि तिसऱ्याच्या तोंडावर मी ते ताडून बघितलं. सगळ्या गटांत इकडंतिकडं एखादी चूक होती. तुमच्या गटात मात्र एका हाताच्या बोटांवर मावणार नाहीत इतकी रानं होती, कुणाची तारीख दहा दिवस अलीकडं, कुणाची पंधरा दिवस पलीकडं. दोन्ही हंगामांत तेच.

काय सांगू, मला आनंद झाला! खरंच झाला. आमच्या धंद्यात असं काही हाताला लागलं की तहानभूक हरपते. मी पहिल्यांदा धरलं की तुम्ही निष्काळजी आहात. पण निष्काळजी माणसाची चूक कुठंही पडते, आणि तुमच्या चुका निवडून पडलेल्या होत्या. नव्या लागणीची एकही तारीख चुकलेली नव्हती. चुकलेली सगळी रानं खोडव्याची, आणि तीही ज्यांचा ऊस तुटला की शेतकरी ते मोडून नांगरणार होता अशी. मग धरलं की वशिला असेल. नावं तपासली. तुमचा एकही पाहुणा नाही. तुमच्या सख्ख्या भावाच्या रानाची तारीख बरोब्बर होती आणि त्याचा ऊस तुरे येऊन वाळला तरी उभा होता. इथं माझी मती गुंग झाली.

तुम्हाला विचारायचं होतं, अण्णा. तुम्ही पाच पावलांवर बशीत चहा ओतून पीत होता. एवढं उठून यायचं आणि म्हणायचं, "अण्णा, हे काय हो?" तेवढं केलं नाही. का नाही केलं? तुम्ही मला त्याआधीच्या सहा महिन्यांत दोनदा चारचौघांत वादात हरवलं होतंत, ते डोक्यात होतं. मी यादी छापली आणि थेट शेती अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली.

तुमच्याकडून खुलासा मागवला गेला. तीस वर्षांतला पहिला. तुम्ही एका ओळीत उत्तर दिलंत, "नजरचुकीने झाले, क्षमस्व." तारखा दुरुस्त झाल्या. शिवाय मी सिस्टीममध्ये अशी सोय केली की खोडव्याची तारीख परस्पर काट्यावरूनच येईल, कुणाला बदलताच येणार नाही. माझं कौतुक झालं. पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्या टेबलावर काकवीची बाटली आणून ठेवलीत. म्हणालात, "गुऱ्हाळावनं आनली, भाकरीसंगं खावा, लय बारीक झालायसा." मला वाटलं, यादी कुणी काढली ते यांना कळलेलं नाही. हायसं वाटलं मला. मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, नंतरही सांगितलं नाही. रोज सांगायची राहिले.

आणि मग आपलं ते भांडण. ते तर संपलंच नाही. त्याच महिन्यात तुम्ही येऊन खुर्ची ओढून बसलात.

"म्याडम, एक काम हाय. तुमच्या त्या मशिनीत मला एक रकाना द्या."

"कसला रकाना?"

"रान कवा मोकळं पायजे, त्याचा."

"कुणाला पाहिजे?"

"रानाला."

"अण्णा, चेष्टा नको. कारण सांगा. कारणाशिवाय सिस्टीममध्ये एक टिंब जात नाही."

"कारन लिवलं की भांडान लागतं. आज तुमी कारन लिवनार, उद्या शंभर लोक त्येच कारन घिऊन दारात हुबं ऱ्हानार."

"मग सिस्टीमला कळणार कसं?"

"येवढं सगळं तिला कळायलाच पायजे का? ती काय घरची हाय?"

सगळं ऑफिस हसलं. मी भडकले. तुम्ही उठलात, दारापर्यंत गेलात, आणि वळून हळूच म्हणालात, "कारन तुमास्नी ठावं हाय."

मी म्हटलं, "मला डोंबल ठाऊक आहे!" त्यानंतर महिन्यातून एकदा तरी तुम्ही दारात डोकावून विचारायचात, "रकान्याचं काय झालं?" आणि मी म्हणायची, "कारणाचं काय झालं?" तुम्ही हसायचात. मला तुमचं हसणं खोचक वाटायचं.

परत त्या फोनकडं येते. मेंढरंवाल्यानं मला कारखान्याची कुणीतरी बाई समजून सगळं सांगितलं. दिवाळी झाली की पूर्वेकडून ते लोक मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरतात. ज्याचं रान रिकामं झालंय तो शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतो. पण आता शिवारंच्या शिवारं उसाखाली. नंबराप्रमाणं तोड झाली तर एक रान इथं मोकळं आणि दुसरं पार दुसऱ्या टोकाला, मधे सगळा उभा ऊस. कोकरं घेऊन एवढी मजल मारता येत नाही आणि थांबायला हातभर जागा नाही. "अण्णा आमास्नी फोनवर मुक्काम सांगायचं. ह्या दिशी हितं, त्या दिशी तितं. रान मोकळं असायचंच बगा. गेल्या साली मातूर म्हनलं, लेको, औंदा माज्या हातात काय ऱ्हायलं न्हाई. आठ दिस डांबरीवर काडलं आमी. तीन कोकरं ट्रकखाली गेली."

गेल्या साली. माझ्या सोयीचं पहिलं वर्ष.

मी फोन ठेवला तेव्हा काकी दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं तुमच्या आठवणीनं मी रडतेय. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि तुमची कारखान्याच्या कागदांची पिशवी पुढ्यात ठेवली, त्यात ऑफिसचं काही असेल तर घेऊन जा म्हणाल्या. वरच तो खुलाशाचा कागद होता, आणि त्याला टाचलेली माझी यादी. यादीच्या तळाशी, 'अहवाल तयार करणार' याच्यापुढं, माझं पूर्ण नाव. सिस्टीममधून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर काढणाऱ्याचं नाव आपोआप छापून येतं. ती अट मीच घातली होती, आणि मीच विसरले होते.

"हे अण्णांनी वाचलं होतं?" मी विचारलं.

"वाचलं की," काकी म्हणाल्या. "त्यो कागद आला त्या दिशी जेवताना हसत व्हतं. म्हनलं, पोरगी लय हुशार हाय. तीस वर्सांत कुनाला घावलं न्हाई, ते हिला चार दिसांत घावलं. आता रकाना बी हीच दील."

म्हणजे काकवीची बाटली त्यानंतरची. रकाना मागायला खुर्ची ओढून बसलात तेही त्यानंतरचं. अण्णा, एकदा तरी रागवायचं होतंत माझ्यावर. निदान एक तिरका शब्द तरी. वर्षभर मी तुमच्यापासून जे लपवलं, ते तुम्ही घडी घालून पिशवीत ठेवून दिलं होतंत, आणि मी मात्र तुमच्यासमोर साळसूद चेहऱ्यानं बसायची.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. या हंगामाचा तोडणी कार्यक्रम शुक्रवारी पक्का व्हायचा होता. तुमचे मुक्काम कुठं लिहिलेले नव्हते. तुमच्या डायऱ्या सगळ्यांनी चाळल्या, त्यात नुसते पाऊसपाणी आणि ट्रॅक्टरवाल्यांचे नंबर. तारखा तर आता काट्यावरून येत होत्या, स्वच्छ आणि निरुपयोगी. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तुमची वाट एकाच ठिकाणी लिहिलेली आहे, आणि ती मीच लिहिली आहे. माझी चुकांची यादी!

ती यादी काढली. प्रत्येक रानाचा ठिपका नकाशावर मांडला आणि तुम्ही भरलेल्या खोट्या तारखांच्या क्रमानं ठिपके रेघेनं जोडत गेले. चौथ्या ठिपक्याला माझे हात थांबले. रेघ चालायला लागली होती, अण्णा. पूर्वेच्या शिवेवरून आत आली, ओढ्याकाठानं नदीपर्यंत गेली, नदीच्या अंगानं खाली सरकली आणि वळसा घेऊन परत पूर्वेला निघाली. दोन ठिपक्यांमधलं अंतर जवळपास सारखं, कोकरांच्या पायांनी सकाळभराचं. प्रत्येक ठिपक्याजवळ पाणी.

आता माझे प्रश्न ऐका, कारण ते विचारल्याशिवाय मला राहवत नाही. हे तुम्ही मांडलंत कधी? मोटारसायकलवर? तोड व्हायला चार दिवस इकडंतिकडं होतातच, ते तुम्ही धरलं होतंत, दर मुक्कामाला तेवढी फट ठेवलेली दिसते मला. कारखाना बंद पडला तर काय करायचात? शेतकऱ्यांपैकी कुणाला ठाऊक होतं? एकाच्या रानाची तारीख अलीकडं घेतली की दुसऱ्याची मागं सारलेली, म्हणजे गटात एकूण कुणाचं नुकसान नाही. हे मी मशिनीला करायला सांगितलं असतं तर महिनाभर खपले असते. तुम्ही बशीत चहा ओतता ओतता केलंत.

मी बापाला फोन लावला. म्हटलं, आप्पा, गावांची नावं सांगते, ओळखा. पहिली दोन मी सांगितली. तिसरं त्यांनीच सांगितलं. चौथं, पाचवं, सहावं, थेट नदीपर्यंत.

"तुला कुनी सांगितली ही वाट?" आप्पा म्हणाले. "पोरी, आपली वाट हाय ती. तवा तितं जवारीची रानं व्हती, कुटंबी उतरायचो. तू घोड्यावर बसून गेलियास की त्या वाटनं. नदी दिसली की टाळ्या वाजवायचीस."

मला काही आठवत नाही. घोडं नाही, टाळ्या नाहीत. पण तुम्हाला त्या वळणावर, जीपमध्ये बसल्या बसल्या, माझ्या जिभेच्या एका आवाजावरून सगळं कळलं होतं. म्हणून म्हणत होतात, "कारन तुमास्नी ठावं हाय." मीच ते माहीत नसल्याचं सोंग इतकी वर्षं वठवलं होतं की मला खरंच माहीत नव्हतं.

मी शेती अधिकाऱ्यांकडं गेले. म्हटलं, अण्णांची नजरचूक नव्हती, माझ्या सिस्टीमची खोट होती. तिच्यात ही गोष्ट मांडायला जागाच नव्हती, म्हणून त्या माणसानं तारखेत मांडली. नकाशा दाखवला. म्हटलं, आता त्यांचा तो रकाना देऊ.

"रकाना देऊ म्हणता. पण कारण काय लिहायचं त्यात?"

"कारणाचा रकाना ठेवलेला नाही."

"मग उद्या सगळेच मागतील."

"मागू देत. पाहिजे तो दिवस ओव्हरसियरनं भरायचा, आणि खाली त्याचं नाव छापून येईल. नाव घालायला जो तयार आहे, तो विचार करूनच भरेल."

ते हसले. कदाचित तुमचंच काहीतरी आठवलं असेल. म्हणाले, "खुलासा फायलीतून काढता येणार नाही, नियम आहे. पण तुमचं पत्र त्याच्याखाली लावतो." ते पत्र मी लिहिलंय. त्याची प्रत काकींच्या हातात देणार आहे.

नवा ओव्हरसियर यायचा आहे, म्हणून यंदा तुमच्या गटाचे दिवस मी भरले, त्याच वाटेवरची यंदा मोडायची रानं धरून. एक रान मात्र मला कळलं नाही. नदीच्या पार वळणावर, वाटेपासून बाजूला, एकटंच. तुम्ही त्याची तारीख वीस दिवस मागं ठेवली होतीत. आप्पांना विचारलं, त्यांना सांगता येईना. मेंढरांचा तिथं संबंध नाही, पाहुण्याचं नाही, शेतकरी म्हणतो मला काय माहीत. तुम्ही असता तर मी दारात धरून विचारलं असतं, आणि तुम्ही हसून निघून गेला असता. तेही रान मी तसंच भरलं, वीस दिवस मागं. कारण न विचारता. बघा, शिकले की नाही?

मग माझ्या फोनवरून त्या मेंढरंवाल्याला फोन लावला. एकेक मुक्काम सांगितला, तो माझ्यामागून पाठ म्हणत गेला. शेवटचा मुक्काम झाल्यावर तो म्हणाला,

"म्याडम, एक इचारू का? अण्णा मागं म्हनलं व्हतं, कारखान्यात आपल्यातली एक पोरगी हाय. अजून वळखत न्हाई, पन ती दील रकाना. ती तुमीच का?"

तुमच्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी फायली ठेवल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघत होते.

"व्हय," मी म्हणाले. "म्याच ती."

आणि त्यानं न विचारताच मी माझं गाव सांगितलं, वाडीसकट, बापाच्या नावासकट.